पाय धुऊन आत या : विद्यापीठं लॅपटॉपची तब्येत का विचारतात

अमेरिकेत एमएसला गेलेल्या मुलाचा पहिल्या आठवड्यातला एक फोन बऱ्याच घरांत ओळखीचा असेल. खोली मिळाली, कुकरची शिट्टी झाली, पण लॅपटॉपवर नेट चालत नाही. जोडलं जातं, पण कुठलीही साइट उघडायला गेलं की विद्यापीठाचंच पान समोर येतं. नाव सांगा, पासवर्ड द्या. काही ठिकाणी त्यापुढे हा छोटा प्रोग्राम टाका, आम्ही तुमचा लॅपटॉप तपासतो, मग सोडतो. मुलगा वैतागलेला असतो. लॅपटॉप माझा, पैसे बाबांनी भरलेत, हे तपासणारे कोण?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर २००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात सापडतं.

त्या काळी विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना एक चौकट आठवत असेल. सिस्टिम बंद होत आहे, काम सेव्ह करा, आणि खाली साठापासून उलटी मोजणी. आपण काही केलेलं नसायचं, कुठली फाइल उघडलेली नसायची, तरी मिनिटभरात मशीन रीस्टार्ट. पुन्हा चालू करा, नेटला जोडा, पुन्हा तेच. हॉस्टेलवर एखादा जाणकार असायचा. तो काळ्या पडद्यावर ‘शटडाऊन मायनस ए’ टाइप करून मोजणी थांबवून द्यायचा आणि त्या मजल्यावर आठवडाभर त्याच्या चहाचे पैसे कोणी घेत नसे.

हा ब्लास्टर नावाचा वर्म. व्हायरस आणि वर्म यांत एक फरक आहे, आणि या सगळ्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे. व्हायरस पसरायला माणसाचा हात लागतो : फाइल उघडा, पेन ड्राइव्ह लावा. वर्म स्वतःच्या पायाने चालतो. विंडोजमध्ये आरपीसी नावाची एक सेवा असते. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याकडून काम करून घेता यावं म्हणून ती १३५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर म्हणा, सतत कान देऊन बसलेली असते. तिच्यात एक खोट होती. ठरावीक पद्धतीने बेतलेला, मापापेक्षा लांब मजकूर तिच्या कानात ओतला, की कॉम्प्युटर त्या मजकुरालाच हुकूम समजून पाळायला लागायचा. मायक्रोसॉफ्टने ही खोट बुजवणारा पॅच १६ जुलै २००३ रोजी काढला. ब्लास्टर आला ११ ऑगस्टला. मधल्या २६ दिवसांत ज्यांनी पॅच टाकला ते सुटले. बाकीच्यांच्या मशीनवर तो शिरला आणि तिथून पुढच्या पत्त्यांची कडी वाजवत सुटला. साठ सेकंदांची मोजणी त्याने मुद्दाम घातलेली नव्हती. धक्क्याने आरपीसी कोसळायची, आणि ती कोसळली की एक्सपी स्वतःलाच रीस्टार्ट करायचं. मुद्दाम केलेलं काम वेगळंच होतं : १६ ऑगस्टपासून बाधित मशीननी ‘विंडोजअपडेट डॉट कॉम’वर मागण्यांचा भडिमार करायचा. गावभर साथ पसरवायची आणि वर औषधाच्या दुकानावर दगडफेक. पण खरी अपडेट दुसऱ्या पत्त्यावरून मिळत होती. मायक्रोसॉफ्टने हे नावच बंद करून टाकलं आणि तो वार फुकट गेला.

आता तारीख बघा. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे एकाच आठवड्यात हजारो मुलं आपापले कॉम्प्युटर गाडीच्या डिकीत घालून हॉस्टेलवर येणार, आणि हे कॉम्प्युटर उन्हाळाभर घरच्या नेटवर, कोणाच्याही देखरेखीशिवाय चाललेले. विद्यापीठाने बाहेरच्या इंटरनेटच्या तोंडावर फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, लावलेली असेलही. पण वेशीवर कितीही पहारा ठेवा, चोर पाहुण्याच्या बैलगाडीतून आला तर पहारेकरी काय करणार? हॉस्टेलच्या भिंतीतल्या सॉकेटला तार लावली की ते मशीन थेट आतल्या वस्तीत. आणि आतल्या वस्तीत कोणी कोणाला दार लावून घेत नव्हतं. एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली. ती चालू करायची असते हे माहीत असलेले थोडेच.

यात एक पेच होता. पॅच घ्यायला नेटवर जायला हवं. नेटवर गेलं की पॅच उतरून होण्याआधीच वर्म आत, कारण नवंकोरं एक्सपी बाधित व्हायला काही मिनिटं पुरत. औषध दवाखान्यात मिळतं आणि साथही दवाखान्याच्या रांगेतच लागते, अशी गत. म्हणून अनेक विद्यापीठांनी पॅचच्या सीडी काढून हॉस्टेलमध्ये हातोहात वाटल्या. आधी सीडी, मग तार.

त्यात भर म्हणून १८ ऑगस्टला वेल्चिया आला. हा परोपकारी वर्म. त्याच भोकातून शिरायचा, ब्लास्टर असला तर काढून टाकायचा, मायक्रोसॉफ्टकडून पॅच आणून बसवायचा, मशीन रीस्टार्ट करायचा आणि पुढच्या घरी. २००४ उजाडलं की स्वतःला पुसून टाकायचं, असंही त्यात लिहिलेलं. ऐकायला छान. पण पुढचं घर शोधण्यासाठी तो प्रत्येक पत्त्यावर ‘कोणी आहे का?’ अशी हाक मारायचा, आणि हजारो मशीन एकाच वेळी हाका मारू लागल्यावर कित्येक नेटवर्क त्या गोंगाटानेच गुदमरली. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण त्या पंधरवड्यात शब्दशः खरी झाली.

या महिन्यानंतर विद्यापीठांच्या नेटवर्क विभागांनी ठरवलं : येणाऱ्याला आधी बाहेरच्या ओसरीवर बसवायचं, बघायचं, मग आत घ्यायचं.

ओसरीची सोय आधीपासून होतीच. टेक्सासमधल्या साउथवेस्टर्न युनिव्हर्सिटीत तयार झालेला नेटरेज नावाचा एक साधासा जुगाड अनेक ठिकाणी वापरात होता. त्याचा उद्देश तब्येत बघणं नव्हता, फक्त कोणतं मशीन कोणाचं याची नोंद ठेवणं होता. तो कसा चालायचा हे समजून घ्यायला मजा येते, कारण आजही कॅफे, विमानतळ, हॉटेल इथे जे ‘लॉगिन करा’ पान येतं त्याची जात हीच.

लॅपटॉप नेटवर्कला जोडला की तो पहिल्यांदा ओरडतो : मला पत्ता द्या. पत्ते वाटणारा सर्व्हर त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर बघतो. याला एमएसी अ‍ॅड्रेस म्हणतात, तो कारखान्यातच दिलेला असतो. नंबर यादीत असेल तर खरा पत्ता. नसेल तर तात्पुरता पत्ता, आणि सोबत एक वाटाड्या, जो मुद्दाम खोटं बोलतो. तुम्ही कुठल्याही साइटचा पत्ता विचारा, तो नोंदणीच्या सर्व्हरचाच पत्ता सांगणार. गावात नवखा माणूस आला आणि त्याने कोणाचंही घर विचारलं, तरी सगळ्यांनी त्याला चावडीवरच पाठवायचं, असं ठरवून ठेवल्यासारखं. चावडीवर नाव लिहिलं की दुसऱ्यांदा खरा पत्ता मिळतो.

हुशार मुलांना पळवाट दिसायला वेळ लागला नाही. पत्ता मागायचाच कशाला? शेजाऱ्याचा बघून स्वतःच हाताने भरायचा. चावडी टळली. मग विद्यापीठांनी हा पहारा सॉफ्टवेअरच्या चलाखीवर न ठेवता स्विचवर नेला. स्विच म्हणजे ज्या खोक्यात हॉस्टेलच्या सगळ्या तारा येऊन मिळतात ते. त्यात एकाच यंत्रणेचे वेगवेगळे कप्पे पाडता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. अनोळखी मशीनची तार एका कप्प्यात, आजारी मशीनची दुसऱ्यात, तपासून झालेल्याची तिसऱ्यात. पत्ता हाताने भरा नाहीतर पायाने, कप्पा स्विच ठरवतो.

मुंबईत पायधुणी नावाचा भाग आहे. पूर्वी बेटांमधली खाडी ओहोटीला चालत ओलांडून लोक यायचे आणि चिखलाचे पाय तिथे धुऊन पुढे जायचे, म्हणून ते नाव, असं सांगतात. आजारी मशीनचा कप्पा म्हणजे नेटवर्कची पायधुणी. तिथून जगात कुठेही जाता येत नाही. फक्त विंडोजची अपडेट, अँटिव्हायरसची अपडेट आणि मदतीचं पान एवढंच उघडतं. शेजारचं मशीनही दिसत नाही, म्हणजे पाय धुताना शेजाऱ्याचा चिखल अंगावर उडत नाही. २००३ चा पेच सुटला तो इथे. सांगायला सोपं, चालवायला डोकेदुखी, कारण अपडेट देणाऱ्या कंपन्या जगभर पसरलेल्या शेकडो सर्व्हरांवरून फाइली वाटतात आणि त्यांचे पत्ते बदलत राहतात. पायधुणीचा नळ रोज नव्या जागी सरकतो म्हणा ना.

हे झालं कुठे बसवायचं त्याबद्दल. तब्येत कळते कशी?

पहिली रीत बाहेरून. विद्यापीठाचा एक स्कॅनर तुमच्या लॅपटॉपची दारं एकेक करून ठोठावतो आणि १३५ वर कोण बोलतंय, कसं उत्तर देतंय, त्यावरून पॅच आहे की नाही ते ताडतो. नाडी बघून निदान. यासाठी लॅपटॉपवर काही टाकावं लागत नाही. मग ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक २ आणला, आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू. कॉम्प्युटर एका रात्रीत सुरक्षित झाले, आणि त्याच रात्री स्कॅनर आंधळे झाले. दार ठोठावलं तर आतून आवाजच नाही. आत धडधाकट माणूस आहे की आजारी, कळायला मार्ग नाही. रोगी सुधारला म्हणून वैद्याची पंचाईत झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

म्हणून दुसरी रीत आली, आतून. ‘हा छोटा प्रोग्राम टाका’ म्हणतात तो हा एजंट. तो लॅपटॉपवर बसून तीन-चार गोष्टी बघतो : ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, ताजे पॅच आहेत का, अँटिव्हायरस चालू आहे का आणि त्याची यादी किती जुनी, फायरवॉल चालू आहे का. उत्तरं सर्व्हरला कळवतो. ती विद्यापीठाच्या नियमात बसली तर आत, नाहीतर पायधुणीवर. काही एजंट कायम राहतात, काही तपासणीपुरते येतात आणि विरघळून जातात. पर्फिगो नावाच्या कंपनीचं असं एक उत्पादन विद्यापीठांत चालत होतं. २००४ मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. हार्वर्डमध्ये सुरू झालेलं पॅकेटफेन्स हे फुकट, खुलं सॉफ्टवेअर आजही वापरात आहे. ज्या विद्यापीठांकडे पैसे कमी आणि माणसं हौशी, त्यांना ते बरं पडतं.

आता खरी मेख. एजंट जे सांगतो ते कोणाच्या भरवशावर? ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे त्याच्याच. आजारपणाची रजा मागणाऱ्याने डॉक्टरचा दाखला स्वतःच लिहून आणावा, तसं. मशीनवर ज्याचा ताबा आहे, मग तो मालक असो नाहीतर आत शिरलेला व्हायरस, तो एजंटकडून हवं ते वदवून घेऊ शकतो. मालकांनी तर याहून सोप्या युक्त्या शोधल्या. एका गाजलेल्या तपासणीत एजंट फक्त विंडोजसाठी होता. लिनक्सवाल्यांना सोडून देत, आणि लिनक्स आहे हे ओळखत ब्राउझरने सांगितलेल्या ओळखीवरून. ब्राउझरची ती ओळख म्हणजे एक ओळीचा मजकूर, बदलायला अर्धा मिनिट. विंडोजवाली मुलं दारात ‘मी लिनक्स’ म्हणायची आणि आत जायची.

आणि ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय? गेम खेळायचा एक्सबॉक्स, प्रिंटर, टीव्ही. यांच्यावर एजंट बसत नाही, पासवर्ड भरायला धड ब्राउझर नाही. त्यांची नोंद एमएसी नंबरावरून हाताने करावी लागते. पण एमएसी नंबर लॅपटॉपवर हवा तो लावता येतो. म्हणजे लॅपटॉपने एक्सबॉक्सचं सोंग घेतलं की तपासणीच नाही. ज्या दाराला पाहुण्यांसाठी एक फट ठेवलीय, त्या दाराची जाडी मोजण्यात अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्टनेही हा प्रयोग करून पाहिला. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये त्यांनी नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रोटेक्शन आणलं. त्यात प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच्या तब्येतीचा दाखला सादर करायचा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ च्या वेळी ते मोडीत काढायच्या यादीत गेलं आणि विंडोज १० मध्ये नाहीसं झालं. खोटं न बोलणारा दाखला आज शक्य आहे, नाही असं नाही. टीपीएम नावाची चिप कॉम्प्युटर सुरू होताना काय काय चाललं याची नोंद ठेवते आणि त्यावर स्वतःची सही करते. ती सही वरच्या सॉफ्टवेअरला खोटी करता येत नाही. विंडोज ११ ला ही चिप सक्तीचीच आहे. पण हे व्यवस्थित चालवायचं तर लॅपटॉप आधी संस्थेच्या ताब्यातल्या यादीत घ्यावा लागतो, त्यावर संस्थेचे नियम चालवावे लागतात. नोकरीतल्या लॅपटॉपला हे ठीक. मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, ज्यात त्याचे फोटो, बँक, प्रेमपत्रं सगळं आहे, विद्यापीठाने एवढा हक्क सांगावा का? मला वाटतं, नाही.

पुढे बऱ्याच विद्यापीठांचा रोख हळूहळू बदलला. तब्येत विचारण्यावरचा भर कमी झाला आणि साथ पसरूच नये अशी मांडणी करण्यावर वाढला. अनेक ठिकाणी वाय-फायवर एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या लॅपटॉपला दिसतच नाही. खोलीतल्या टीव्हीवर फोनवरचा सिनेमा जात नाही अशी तक्रार मुलं करतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. निकालाचा सर्व्हर, पगाराचा सर्व्हर आतल्यांवरही विश्वास ठेवत नाही, प्रत्येक वेळी ओळख मागतो. आणि आत आलेल्याच्या वागण्यावर नजर असते. एखादा लॅपटॉप अचानक हजारो पत्त्यांची कडी वाजवू लागला की तो आपोआप पायधुणीवर. दारातल्या शपथेपेक्षा आतलं वागणं बघणं जास्त खरं, कारण वागण्यात खोटं बोलणं अवघड असतं. ऑपरेटिंग सिस्टिमही सुधारल्या. अपडेट स्वतःहून उतरतात, कधी कधी ऐन प्रेझेंटेशनच्या वेळी. तरी जुनी कथा अधूनमधून नव्याने घडते. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या वर्मने वापरलेल्या खोटीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता.

आपल्याकडच्या हॉस्टेलांत चित्र जरा वेगळं. बऱ्याच ठिकाणी अजून कागदी फॉर्म असतो : नाव, खोली, लॅपटॉपचा एमएसी अ‍ॅड्रेस, वॉर्डनची सही. म्हणजे नेटरेजचाच अवतार, फक्त सर्व्हरच्या जागी क्लार्क. तब्येत तपासायची म्हटली तर निम्मं हॉस्टेल पायधुणीवरच बसेल अशी मला शंका आहे, कारण दुकानदाराने ‘टाकून दिलेलं’ विंडोज. ते अस्सल नाही असा संदेश येऊन पडदा काळा होईल या भीतीने दुकानदार अपडेट बंद करूनच देत असे. पॅच न घेणाऱ्या मशीनची आयती पैदास. यात नवी भर म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली, आणि जुन्या लॅपटॉपांवर ११ चढत नाही.

त्या फॉर्मची गंमत आता फोन उडवतात. अँड्रॉइड १० आणि आयफोनचं आयओएस १४ यांपासून फोन प्रत्येक वाय-फायला बनावट एमएसी नंबर सांगतो, म्हणजे दुकानांनी आणि जाहिरातदारांनी आपला माग काढू नये. चांगलीच गोष्ट. पण सेटिंग बदललं किंवा फोन पुसून पुन्हा लावला की नंबर नवा, आणि कॉलेजच्या यादीत तो फोन परका. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ची चौकशी करताना आधी त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये खासगी पत्ता चालू आहे का ते बघा.

एजंट टाकायला सांगितला तर टाकावा का? विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवरून मिळत असेल आणि तो पॅच-अँटिव्हायरसपुरतं बघतो असं लिहून दिलं असेल, तर मी टाकीन, आणि पदवी झाली की काढून टाकीन. मात्र ‘हे रूट सर्टिफिकेट बसवा’ असं कोणी म्हणालं तर थांबून विचारीन. सर्टिफिकेट म्हणजे समोरच्या साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, आणि रूट म्हणजे ज्याच्या सहीवर बाकीचे दाखले खरे मानले जातात तो. ते बसवलं की साइट आणि तुमच्यामधलं कुलूपबंद बोलणं मधल्याला उघडून वाचता येऊ शकतं. तब्येत तपासणं वेगळं, पत्रं फोडणं वेगळं. त्याहून रोजची वाईट खोड म्हणजे कॉलेजचं लॉगिन पान उघडलं की ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा येतो आणि सिनिअर सांगतात, ‘दाब पुढे, नेहमीचंच आहे.’ चार वर्षं रोज इशारा ओलांडायची सवय लागलेला मुलगा पुढे बँकेच्या खोट्या पानावर थांबेल कशाला?

एज्युरोम, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांची सामाईक वाय-फाय व्यवस्था, वापरताना हीच गोष्ट आडवी येते. युरोपात २००२-०३ च्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था भारतात अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांना नेटवर्क पुरवणारी संस्था चालवते. आपली संस्था तिच्यात असेल तर तिथलंच युजरनेम-पासवर्ड परदेशातल्या विद्यापीठात चालतं. तिथला वाय-फाय तुमचा पासवर्ड स्वतः तपासत नाही. तो विनंती तुमच्या मूळ संस्थेकडे पाठवतो आणि ‘हो, आमचाच’ असं उत्तर आलं की दार उघडतो. पण एज्युरोम याच नावाचं खोटं वाय-फाय कोणीही बॅगेत घेऊन बसू शकतो. खरं-खोटं ओळखायचं काम सर्टिफिकेटचं, आणि ते तपासायचं काम तुमच्या फोनचं. म्हणून जोडणी करताना ‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा पर्याय निवडू नका, संस्थेने दिलेलं सेटअपच वापरा. एकदा ते नीट बसलं की पुण्याहून निघालेला लॅपटॉप ॲमस्टरडॅमच्या ग्रंथालयात उघडताक्षणी नेटला लागतो. तुम्ही कोण, हे तिथल्या दारात दूरवरच्या पुण्याला विचारलं जातं. लॅपटॉपचे पाय धुतलेले आहेत का, हे मात्र एज्युरोम विचारत नाही.